पागेतली तिसरी पिढी आणि वेगवान खेचरांचा प्रयोग

पागेत आता तिसरी पिढी पळायला लागली आहे आणि मोजमापांची वही भरत आली आहे, म्हणून हा टप्पा जरा सविस्तर लिहितो. जग तेच: माइनक्राफ्ट या खेळाची जावा आवृत्ती, सर्व्हायव्हल (सगळं स्वतः मिळवून जगायचा प्रकार), आणि खेळाला थेट हुकूम देणाऱ्या कमांड बंद. त्यामुळे घोड्याचा वेग थेट आकड्यात बघायची सोय नाही. जे कळतं ते पळवून आणि उडी मारायला लावूनच कळतं, आणि मला या छंदातला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

नव्याने पागा उभी करणाऱ्यांसाठी माणसाळवण्याबद्दल दोन गोष्टी. रानातल्या घोड्याच्या मनात शून्य ते शंभर असा एक छुपा आकडा असतो. तुम्ही रिकाम्या हाताने पाठीवर बसलात की खेळ शंभरातला एक आकडा काढतो. तो घोड्याच्या आकड्यापेक्षा लहान निघाला तर घोडा तुमचा, नाहीतर तो तुम्हाला खाली फेकतो आणि त्याचा आकडा पाचने वाढतो. साखर, गहू किंवा सफरचंद चारलं तर दर घासाला तीन वाढतात. नदीकाठी ऊस लावलेला असेल तर साखरेला तोटा नाही, त्यामुळे मी आधी भरपूर साखर चारतो आणि मगच बसतो. सोन्याची गाजरं इथे घालवू नका, ती पुढे पैदाशीला लागतात.

मोजमापासाठी गावाबाहेर शंभर ब्लॉकची (ब्लॉक म्हणजे खेळातला एक ठोकळा, तेच लांबीचं माप) सरळ धावपट्टी आहे. दोन्ही बाजूंना कुंपण, आणि सुरुवातीच्या रेषेआधी घोड्याला पूर्ण वेग पकडता येईल एवढी मोकळी जागा. जातिवंत घोडा सेकंदाला साधारण 14.5 ब्लॉक जातो, म्हणजे पट्टी सात सेकंदांच्या आत संपते. सर्वात मंद घोडा पाचही ब्लॉक गाठत नाही. त्यापेक्षा आपण स्वतः धावलेलं बरं, कारण आपला धावण्याचा वेग 5.6 आहे. उडीसाठी तीन, चार आणि पाच ब्लॉक उंचीच्या भिंती शेजारीशेजारी आहेत. इथे बोटाची सवय महत्त्वाची. स्पेसबार दाबून धरला की पडद्यावर खाली दिसणारी उडीची पट्टी भरत जाते, टोकाला पोचते आणि अजून धरून ठेवलं तर थोडी मागे येते. नेमकी टोकावर असताना सोडली तरच घोड्याची खरी उडी दिसते. जीव मोजायला काहीच लागत नाही: स्वार असताना पडद्यावर भुकेच्या चिन्हांच्या जागी घोड्याची हृदयं दिसतात, साडेसात ते पंधरा.

मोजणी इतक्या वेगाने होते याचं श्रेय खोगिराला. पूर्वी खोगीर बनवताच यायचं नाही. पेट्यांमध्ये सापडेल, गळाला लागेल किंवा चामड्याचं काम करणारा गावकरी विकेल तेव्हा. जून 2025 च्या 1.21.6 आवृत्तीपासून तीन चामडी आणि एक लोखंडाची वीट एवढ्यात ते तयार होतं. आता प्रत्येक शिंगराला स्वतःचं खोगीर आहे.

आता मुख्य विषय, पैदास. मार्च 2023 मध्ये 1.19.4 येईपर्यंत शिंगराचा वेग म्हणजे आई, बाप आणि खेळाने मनाने निवडलेला तिसरा आकडा यांची सरासरी असायची. त्यामुळे दोन अव्वल घोड्यांचं पिल्लूही मधल्या आकड्याकडे ओढलं जायचं, आणि वर जायची वाट जवळपास बंद होती. नव्या नियमात तिसरा आकडा गेला. आई-बापांची सरासरी काढायची आणि तिच्या आजूबाजूला एक पट्टा धरायचा. पट्ट्याची रुंदी म्हणजे आई-बापांमधला फरक, अधिक त्या गुणाच्या एकूण पल्ल्याचे (सर्वात कमी ते सर्वात जास्त) तीस टक्के. बहुतेक शिंगरं पट्ट्याच्या मध्याजवळ पडतात, कडेची दुर्मीळ.

आमच्या पागेतलं उदाहरण घ्या. वादळ आणि कस्तुरी दोघेही सेकंदाला तेरा ब्लॉकच्या आसपास. त्यांची शिंगरं साडेअकरा ते साडेचौदामध्ये येणार आणि गर्दी तेराजवळ होणार. आता वादळची जोडी टिटवीशी लावली, जिचा वेग नऊ आहे, तर पट्टा साडेसात ते साडेचौदा होतो. वरचं टोक तेच! फक्त मध्य अकरावर घसरतो आणि टोकाला पोचणारं शिंगरू फार क्वचित मिळतं. म्हणून वेगासाठी माझा स्पष्ट आग्रह आहे: तुल्यबळ जोडी लावा. एक हिरा आणि एक सामान्य अशा जोडीत सोन्याची गाजरं वाया जातात. वादळ-कस्तुरीच्या वंशातली वीज ही अबलख घोडी आज सव्वासात सेकंदांत पट्टी पार करते आणि ती याच पद्धतीतून आली आहे.

मग टिटवी कशाला? कारण ती पाच ब्लॉकची भिंत सहज ओलांडते, आणि वेग, उडी, जीव हे तिन्ही गुण वेगवेगळे ठरतात. वेग बापाचा आणि उडी आईची असं शिंगरू मिळू शकतं, म्हणून उडीचा वंश मी स्वतंत्र वाढवतो आहे आणि दोन्ही वंश पक्के झाले की एकत्र आणणार आहे. टिटवी समुद्रापलीकडच्या सव्हानातली आहे. तिला हॅपी घास्टला, म्हणजे स्वार होता येणाऱ्या उडत्या प्राण्याला, दोराने बांधून हवेतून आणली. घास्ट संथ जातो, पण खाली निळं पाणी, दोराला लोंबकळणारी घोडी आणि मागे मावळता सूर्य, असा प्रवास या खेळात मी पूर्वी कधीच केला नव्हता.

खर्चाचं गणित सोपं आहे. सोन्याच्या गाजराला आठ सोन्याचे कण लागतात, म्हणजे एका विटेपेक्षाही कमी. सोन्याच्या सफरचंदाला आठ अख्ख्या विटा. पैदाशीला दोन्ही सारखीच चालतात. शिंगरू आपसूक मोठं व्हायला वीस मिनिटं घेतं, पण गवताच्या एका पेंढीने तीन मिनिटं वाचतात, त्यामुळे सात पेंढ्या हाताशी असल्या की लगेच पट्टीवर नेता येतं.

सध्या सगळा जीव खेचरांत अडकला आहे. खेचराच्या पाठीवर पेटी बसते, पंधरा रकान्यांची, आणि खाणीपासून गोदामापर्यंत माल भरधाव नेणारं जनावर मला हवं आहे. अडचण गाढवाची. रानातली सगळी गाढवं एकाच वेगाची, सेकंदाला साडेसात ब्लॉक. वीजसारखी घोडी दिली तरी खेचरांचा मध्य साडेदहाच्या आसपासच राहतो. आतापर्यंतचं सर्वात चांगलं खेचर साडेआठ सेकंदांत पट्टी संपवतं. ते पुढे वीत नाही, त्यामुळे प्रत्येक खेचर म्हणजे नवा डाव.

पण नवा नियम गाढवांनाही लागू आहे. साडेसातच्या दोन गाढवांचं पिल्लू नऊपर्यंत जाऊ शकतं. म्हणून घोड्यांची पैदास थोडी थांबवून मी आता गाढवांचा वंश सुधारायला घेतला आहे. पहिली पिल्लं मोजून झाली आहेत आणि त्यातली दोन मूळ गाढवांपेक्षा ठळकपणे पुढे आहेत. त्यांची जोडी लावून झाली की त्यांच्या पिल्लांना वीजसमोर आणेन. कुणाकडे आठ सेकंदांखालचं खेचर असेल तर त्याच्या घोड्याचा आणि गाढवाचा, दोघांचा वेग जरूर कळवा.