राऊटर घ्यायला गेलो आणि उसाची ट्रॉली आडवी आली

आमच्या घरात नेट एक आणि गिऱ्हाईकं पाच. मंगळवार पेठेतलं जुनं घर, खाली धाकट्याचा फोटो स्टुडिओ, वर मी घरनं काम करतो म्हणजे दिवसभर कॉलवर, बायकोच्या ऑनलाइन शिकवण्या संध्याकाळी, पोरगं गेममध्ये, आणि आण्णांचा टीव्ही. आण्णांचं यूट्यूबवर कुस्त्या बघणं सकाळच्या चहाला सुरू होतं ते रात्री जेवायला हाक मारली तरी संपत नाही.

तर लग्नसराई सुरू झाली आणि माझे कॉल बोंबलायला लागले. आवाज डब्यातनं आल्यासारखा, मधेच मी तोंड उघडं ठेवून गोठलेला. पुण्याचे साहेब म्हणाले, कोल्हापूरला नेट नसतं का हो? हे जरा लागलं. प्लॅन ५० एमबीपीएसचा, स्पीड टेस्ट लावली की ४९ दाखवतोय, मग बिघडतंय कुठं? नेटवाल्याला फोन केला तर त्याचं ठरलेलं, ऑफ-ऑन करून बघा साहेब.

म्हटलं राऊटरच बदलू. राजारामपुरीत एका दुकानात गेलो, त्यानं सहा अँटेनाचा, लाल पट्ट्यांचा, उलटा पडलेल्या कोळ्यासारखा दिसणारा डबा काढला. "गेमिंग हाय, नाद खुळा." किंमत ऐकून मी तिथंच पाणी मागितलं आणि उद्या येतो म्हणून सटकलो.

घरी येऊन लॅपटॉपवर पिंग लावून बसलो, म्हणजे छोटा निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ६, ७, ६, ७ मिलिसेकंद, एकदम झकास. आणि पावणेअकराला अचानक १५०, ३००, ३८०, ४००. खाली गेलो तर धाकटा एका लग्नाचे फोटो अपलोड करत बसलेला, ४० जीबी. ५० च्या लाइनवर ४० जीबी चढवायला सरळ गेलं तरी पावणेदोन तास लागतात (लाइन बिटात मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट).

"अरे थांबव की जरा, माझा कॉल आहे."

"दादा, नवरीकडच्यांचे सकाळपासनं तीन फोन झालेत."

कसंबसं दोन मिनिटं थांबवलं त्यानं. पिंग परत ७. चोर सापडला, पण चोर घरचाच आणि धंद्याचा, हाकलणार कुठं?

त्याच आठवड्यात बालिंग्याकडनं गाडीवरनं येत होतो, पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, गाणी फुल्ल आवाजात, ऊस दोन्हीकडनं लोंबतोय, आणि मागं मी. रस्ता आहे तेवढाच आहे, गाडीत दम आहे, पण ट्रॉली हलेल तेव्हा आपण हलणार. तिथं डोक्यात उजेड पडला. साध्या ऑडिओ कॉलला साधारण १०० केबीपीएस पुरतात, ५० च्या पुढं ती चिल्लर. जागा कमी पडत नव्हती, माझा आवाज ट्रॉलीच्या मागं अडकत होता. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात पाठवायच्या डेटाची अडीच एमबीची रांग साठली तर ५० च्या वेगानं ती रिकामी व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात, हिशोब करून बघा. माझं पिंग तेवढंच दाखवत होतं. याला बफरब्लोट म्हणतात, आणि २०१० च्या सुमारास जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरनं मोठ्या फाइली घरनं पाठवताना हीच रड पकडली होती. म्हणजे आपण एकटे नाही.

मग राऊटर बघायची नजरच बदलली. खोक्यावर क्यूओएस (कुणाचं काम आधी सोडायचं ते ठरवायची सोय) लिहिलंय एवढ्यावर जायचं नाही. बऱ्याच स्वस्त राऊटरवर यादीतल्या लॅपटॉपपुढं प्रायॉरिटीची टिक करायची असते, काहींवर तर एक तास, दोन तास अशी मुदत पण निवडता येते, म्हणजे कॉल लांबला की तुमचा मान संपला. त्यापेक्षा बघायचं ते एसक्यूएम, स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेला शिस्त लावायची सोय; त्यातल्या पद्धतींची नावं एफक्यू-कोडेल नाहीतर केक. हे ट्रॉलीवाल्याला हाकलत नाहीत, प्रत्येकाची रांग वेगळी करतात आणि आळीपाळीनं सोडतात, त्यामुळं थोडकं पाठवणारा आपोआप पुढं निघतो. ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं फुकटचं सॉफ्टवेअर चढवता येणाऱ्या राऊटरवर हे फुकटात मिळतं.

यात खरी मेख एका आकड्यात आहे. एसक्यूएममध्ये लाइनचा वेग टाकायचा तो ५० नाही, ४५. पाच एमबीपीएस सोडून द्यायचे म्हणताना माझ्यातल्या पैसे भरणाऱ्या माणसाला फार वाईट वाटलं. पण ५० टाकले तर रांग फायबरच्या डब्यातच साठणार, आणि त्या डब्याला शिस्त नाही. ४५ टाकले की रांग आपल्या राऊटरात लागते, मग तिथं आपलं राज्य. मात्र हे सगळं राऊटरच्या प्रोसेसरवर येतं, प्रोसेसरला वळसा घालून जाणारी हार्डवेअरची शॉर्टकट वाट सहसा बंद करावी लागते, त्यामुळं ३०० नाहीतर ५०० चा प्लॅन असेल तर अँटेना मोजण्याऐवजी प्रोसेसर विचारा. दुकानदार जरा दचकतो, दचकू दे.

आणि एक फसवणूक सांगतो, खोक्यावर एसी १२०० (वायफायच्या वेगाचा दावा) लिहिलेलं असतं आणि मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच. धाकटा तेच ४० जीबी रोज जुन्या कॉम्प्युटरवर बॅकअप घेतो. घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरनं दुसऱ्यावर जाणारं हे काम इंटरनेटच्या रांगेत येतच नाही, तिथं एसक्यूएमचा काय संबंध नाही, तिथं पोर्ट आणि वायर. १०० च्या पोर्टवर पाऊण तासाच्या वर, गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसच्या पोर्टवर, हार्डडिस्क बरी असेल तर सात-आठ मिनिटं. दोन्ही कॉम्प्युटर आधी वायफायवर होते, आमच्या दीड फुटी भिंतींतनं. कॅट सिक्सची नेटवर्क वायर ओढली, भिंतीला भोक पाडताना माती पडली म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी दोनच अँटेनाचा, सगळे पोर्ट गिगाबिट असलेला घेतला, कोळ्याच्या निम्म्या किमतीत. आता धाकट्याचं अपलोड चालू असताना पिंग १२ च्या वर जात नाही, त्याचे पावणेदोन तासाचे दोन तास झालेत, त्याला अजून कळलेलं नाही.

हौस म्हणून मी प्रायॉरिटीची यादी पण केली, कागदावर लिहून कपाटाला चिकटवली. पहिला माझा लॅपटॉप, मग बायकोचा, मग स्टुडिओ, मग पोरगं. आण्णांनी चष्मा लावून ती वाचली. टीव्ही शेवटी.

"घर कुणाच्या नावावर हाय रे?"

टीव्ही वर घेतला. कागदावर.