तिसऱ्या खेळाडूचं शून्य

'गणपतीत खेळायला या' असं मी मागच्या वेळी दहा जणांना सांगून बसलो होतो. गणपती आले, गेले. दिवाळीचा फराळही संपला. काल रात्री साडेअकराला माझ्या जुन्या पिनबॉल मशीनवर (तिरक्या पाटावर चेंडू टोलवून गुण मिळवायचा खेळ) पहिला पूर्ण डाव झाला, चौघांचा. मधल्या काळात काय काय झालं ते एकदा उतरवून काढतो. या नादात आणखी कुणी पडला असेल तर निदान माझी एक चूक तरी त्याच्या हातून होऊ नये.

आधीचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मशीन गॉटलिब या अमेरिकन कंपनीचं, १९७६ सालचं रॉयल फ्लश. आखणी एड क्रिन्स्कीची, चित्रं गॉर्डन मॉरिसनची. पत्त्यांचा विषय, आणि पाटावर तिरकी लावलेली नऊ टार्गेटांची रांग, चेंडू लागला की खाली पडणारी. (प्लेफिल्डला मी पाटच म्हणतो. दिसतोही तसाच.) आत एकसुद्धा चिप नाही. रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच), मोटर, गुण दाखवणारे आकड्यांचे ड्रम आणि मैलभर वायर. पुढच्याच वर्षी गॉटलिबनं इलेक्ट्रॉनिक बोर्डांची मशीनं काढायला सुरुवात केली, म्हणजे हे जुन्या घराण्यातलं शेवटाकडचं. गंमत अशी की न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून, आणि ती उठली तेही १९७६ सालीच. रॉजर शार्प नावाच्या माणसानं नगरपालिकेच्या लोकांसमोर चेंडू कुठं जाणार ते आधी सांगून तसा मारून दाखवला होता.

माझं मशीन गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून भंगारवाल्याकडं आणि तिथून फेब्रुवारीत छोट्या हत्तीतून चोर्ला घाट चढून बेळगावात, टिळकवाडीत आलं. वरची पेटी वेगळी काढली तरी खालच्या धडाला चार माणसं लागली. आईनं दारातच विचारलं, "हे काय ओ, शवपेटी आणलास काय?"

उघडल्यावर पहिला धक्का पांढऱ्या पुडीचा. प्रत्येक रिलेवर, स्विचच्या प्रत्येक पत्तीवर, वायरींच्या जुडग्यात, मोटरच्या कॅमवर (मोटरबरोबर फिरून पत्त्या उघडझाप करणाऱ्या चकत्या). आधी वाटलं वाळवीचं औषध. बोटावर घेऊन चोळलं तेव्हा उलगडा झाला: कॅरमची बोरिक पावडर! हॉटेलातल्या कुणा शहाण्यानं चेंडू छान सरकावा म्हणून पाटावर वर्षानुवर्षं मुक्त हस्तानं उधळलेली. पाटाला जिथं जिथं भोक तिथून ती खाली झिरपली होती आणि समुद्राच्या दमट हवेत तिचा थर बसला होता. कॉन्टॅक्टमधून वीज जाणार कशी? ब्रश, व्हॅक्यूम आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, यातच मार्च गेला. तिसऱ्या खेळाडूची सगळी भानगड त्याच महिन्यात सुरू झाली. तिच्याकडं येतो.

विजेचं आधी सांगतो. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे हर्ट्झ). आपल्याकडं २३० आणि ५०. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा. एकाच गुंडाळीचा ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात मशीन घरातल्या विजेपासून वेगळं पडत नाही. मशीनच्या धातूला घरातली सगळी पोरं हात लावणार, तिथं मी काटकसर केली नाही. व्होल्ट बदलता येतात, सायकल बदलता येत नाहीत. ६० चा लोखंडी गाभा ५० वर जरा जास्त तापतो, म्हणून ११५ ऐवजी ११० च ठेवले, आणि स्कोर मोटर एक षष्ठांशानं संथ फिरते. पाचशे गुण मिळाले की मोटर एक तृतीयांश फेरी मारते आणि शंभराचे पाच ठोके देते. ते पाच ठोके आमच्याकडं सावकाश पडतात. मला तेच आवडायला लागलंय, पण अमेरिकेतल्या मशीनचे व्हिडिओ बघून आलेला माणूस 'दमलंय काय हे?' असं विचारतो.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती. हे लिहायचीसुद्धा गरज नाही, भारतात पन्नास वर्षं काढलेल्या कुठल्याही यंत्रात ती असतेच. तिचा परिणाम मात्र बघण्यासारखा होता: बंपरची (चेंडू लागला की त्याला उडवून लावणारा गोल टोला) कॉइल अडकून जळलेली आणि तिच्या आतली नळी फुगून दांडा त्यात घट्ट बसलेला. कॉइल त्याच रिवाइंडिंगवाल्यानं वेढे मोजून नवी बांधली. नळ्यांसाठी उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. माझी पंचवीस वर्षं तिथंच टूलरूममध्ये गेली, त्यामुळं लेथवरच्या अण्णांना नमुना दाखवला की पुढं बोलावं लागत नाही. नायलॉनचा दांडा लावला, नमुना एकदा बोटात फिरवून बघितला आणि म्हणाले, "आगतेति बिडरी." (होतंय, सोडा.) झाल्याही. बसल्याही. आणि वीस मिनिटं खेळल्यावर दांडे पुन्हा अडकले. नायलॉन गरम झाला की फुगतो हे अण्णांनाही माहीत आणि मलाही माहीत, दोघांनीही माप थंड नळीचं घेतलं. दुसऱ्या खेपेला आतला व्यास थोडा सैल ठेवला. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, मी कुंदा नेऊन दिला.

फ्लिपरविषयी, म्हणजे बटण दाबलं की चेंडू वर टोलवणाऱ्या पात्यांविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण नव्यानं हात घालणारा इथंच फसतो. १९४७ साली गॉटलिबच्याच हम्प्टी डम्प्टीवर हॅरी मॅब्सनं पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर बसवले. त्याआधी चेंडू नशिबावर खाली यायचा. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची एक, कमी रोधाची, जी दणका देते. बारीक तारेची दुसरी, जास्त रोधाची, जी फ्लिपर नुसता वर धरून ठेवते. फ्लिपर वर पोचला की टोकाला एक स्विच उघडतो आणि बारीक गुंडाळी मध्ये येते. तो स्विच उघडला नाही तर जाड गुंडाळी तशीच चालू राहते, आणि बटण दाबून धरणाऱ्या पोरट्यापायी कॉइल जळते. स्विच लवकर उघडला तर फ्लिपरला जोरच येत नाही. माझा उजवा फ्लिपर मरगळलेला होता तो एवढ्यासाठीच. फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर फट जेमतेम दोन मिलिमीटर ठेवली आणि चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात. या स्विचचे कॉन्टॅक्ट टंगस्टनचे, कठीण. त्यांना कानस चालते. बाकी सगळीकडं चांदीचे मऊ कॉन्टॅक्ट, त्यांना कानस लावली तर खाऊन टाकते. तिथं अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मध्ये धरायची, पत्ती हलकेच दाबायची आणि पट्टी ओढायची. पत्ती वाकवायची नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, पुढं वाचा.

चेंडूची गोष्ट सोपी निघाली. बेअरिंगच्या दुकानात 'एक इंच अर्धा सूत' म्हटलं की मिळतो, २७ मिलिमीटरचा, ऐंशी ग्रॅमचा. रबराच्या रिंगांचं मात्र जमलं नाही. हायड्रॉलिकवाल्यांकडच्या काळ्या ओ-रिंगा चढवून बघितल्या, मापात बसल्या, पण चेंडू त्यांना लागून मेल्यासारखा खाली यायचा. शेवटी बाहेरून सेट मागवला. दिवे ४४ नंबरचे काढून ४७ चे लावले. पाव अँपिअरऐवजी दीड दशांश अँपिअर, म्हणजे उष्णता कमी. मागच्या काचेवरचा रंग उष्णतेनं पोपडे धरून सुटतो आणि तो गेला की गेला. काचेच्या रंगाच्या बाजूला मी फडकंसुद्धा लावलेलं नाही. पुढून पुसा, मागून नुसतं बघा.

आता मुख्य दुखणं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळं जोडून बटण दाबलं. चौघांचे ड्रम टकटक करत पुढं सरकले, शून्यावर आले, थांबले. मोटर थांबली नाही. गर्र, टक टक टक टक टक, गर्र. ड्रम सगळे शून्यावर, तरी मोटर फिरतेच आहे आणि चेंडू काही बाहेर येत नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिरणी सुरू झाली वाटतं."

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांना सांगतो: प्रत्येक ड्रमला शून्याच्या जागी बदलणाऱ्या पत्त्या असतात. एक जोडी ड्रमचा स्वतःचा ठोका तोडते, म्हणून ड्रम थांबतो. दुसरी जोडी मोटरला सांगते की मी घरी पोचलो. सगळे घरी पोचले की मोटर थांबणार. एकाही ड्रमचा निरोप गेला नाही तर ती वाट बघत फिरत राहणार, गाडीत चढलेल्या वऱ्हाडात एक माणूस कमी असल्यासारखी.

हे मला कागदावर माहीत होतं. पण ड्रम तर सगळे डोळ्यांसमोर शून्यावर होते! म्हणून मी ड्रम सोडले आणि बाकी सगळ्यावर संशय घेतला. मोटरच्या कॅमवरच्या पत्त्या काढून पुन्हा साफ केल्या. रिसेटचे रिले उघडले. धड आणि डोकं जोडणारे प्लग एकेक पिन करून तपासले. मशीनबरोबरचा वायरिंगचा नकाशा कसरीनं अर्धा खाल्ला होता. दुसरी प्रत मिळवून ती झेरॉक्सवाल्याकडं मोठी करून घेतली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि लाल पेन्सिलीनं रेघा ओढत बसलो. जुलै, ऑगस्ट. आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस सूर्य नाही. रोज सकाळी काल साफ केलेलं पुन्हा ओलसर. पेटीत साठचा बल्ब रात्रभर जळत ठेवायचो, लोणच्याच्या बरणीला ऊब द्यावी तसा.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या मंडळाचे हलते देखावे करणारे मामा आले. आयुष्य गिअर मोटर आणि सायकलच्या चेनमध्ये गेलेला माणूस, रावणाची दहा तोंडं एका मोटरवर हलवतात. नकाशाकडं त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "कोण खोटं बोलालंय ते विचार की एकेकाला."

म्हणजे कसं? कुंद्याच्या रिकाम्या खोक्याची पातळ पट्टी त्यांनी कापली. मोटर चालूच ठेवायची आणि शून्याच्या प्रत्येक जोडीत ती पट्टी सरकवायची. पट्टी म्हणजे उघडा कॉन्टॅक्ट. जिथं घातल्यावर मोटर थांबेल तो खोटारडा. (वरच्या पेटीत ड्रमकडं २५ व्होल्ट असतात म्हणून हे चालतं. खाली ट्रान्सफॉर्मरजवळ असले उद्योग करू नका.)

पहिला खेळाडू, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याच्या दहाच्या ड्रमला पट्टी सरकवली आणि मोटर गप्प. घरात इतकी शांतता की पागोळ्या ऐकू आल्या.

भिंग लावून बघितलं. दोन पत्त्यांमध्ये फट दिसत होती, केसाएवढी. आणि ड्रम शेवटच्या ठोक्याला थरथरला की ती केसाएवढी फट मिटायची. लांबची पत्ती बुडापाशी जरा आत वाकलेली. माझ्या तोंडून हॉटेलातल्या त्या बोरिकवाल्याला शिवी गेली. मग मामांनी बोट दाखवलं. पत्तीच्या बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

तो ठिपका माझा. जे कॉन्टॅक्ट साफ झाले त्यांना बायकोच्या बाटलीतला ठिपका द्यायचा, असं मी मार्चमध्ये ठरवलं होतं. वही काढून बघितली. तिसरा खेळाडू, चारही ड्रम, 'साफ केले, उत्तम'. तारीख २ मार्च, कामाचा तिसरा दिवस. म्हणजे तेव्हा मी अजून पट्टी दाबून ओढायला शिकलो नव्हतो, चिमट्यानं पत्ती धरून खरडत होतो. मशीन गोव्यातून आलं तेव्हा बाकी शंभर दुखणी असतील, हे नव्हतं. आणि लाल ठिपका होता म्हणूनच दोन महिने मी तिकडं बघितलं नव्हतं.

पत्ती सरळ करायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर लाल ठिपक्यांचे सगळे एकशेचाळीस कॉन्टॅक्ट पुन्हा बघितले, त्यात आणखी सहा वाकलेले निघाले. दिवाळी त्यात गेली.

कालचा डाव. पुतण्या, बायको, मी आणि तिसऱ्या नंबरवर आई. पुतण्यानं दुसऱ्याच चेंडूला मशीन ढकललं, आतला लंबक कड्याला टेकला आणि टिल्ट लागला, म्हणजे तो चेंडू बाद. त्याच्या तोंडावरची कळा बघण्यासारखी होती. पाटाचा उतार साडेतीन अंश ठेवलाय, मीटरला साधारण सहा सेंटिमीटर. आईला तोही जास्त वाटला. तिनं फ्लिपर दोन्ही एकदमच दाबले, प्रत्येक वेळी, चेंडू कुठंही असो, आणि सगळ्यांत जास्त गुण तिचे झाले.

बाकी राहिलंय ते असं. सातवं टार्गेट वर जातं आणि खाचेत बसायच्या आधीच खाली येतं, खाच झिजलीय, उद्या अण्णांकडं. चौथ्या खेळाडूच्या डोक्यावरचा दिवा मधूनच जातो. हजाराची घंटा बद्द वाजते, तिच्याखालचं रबर बदलायचंय. पायांना क्रोम करून घ्यायचंय, पण ते काढले की मशीन आठ दिवस जमिनीवर, आणि आईनं सांगितलंय की आत्ता नको.