चाळीसचा खोका, बेचाळीसचा खर्च

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ साली अकरावी-बारावीसाठी ‘बिझनेस ब्लास्टर्स’ हा मुलांनी स्वतः छोटा धंदा करून बघायचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्यामागे २,००० रुपये बीजभांडवल ठेवलं होतं. रक्कम छोटी, पण खरी. खेळण्यातल्या नोटांनी धंदा-धंदा खेळताना हिशेब चुकला तरी कुणाची झोप उडत नाही.

मुलांची कल्पना क्वचितच फसते, फसतं ते भाव काढणं. समजा, रंगवलेल्या पणत्या विकायच्यात, सहाचा एक, असे ४० खोके. साध्या पणत्या ३ रुपयांप्रमाणे २४०, म्हणजे ७२०. रंग-ब्रश ४००. एकूण १,१२०, खोक्यामागे २८. चाळीसला विकू, बारा सुटले!

आता राहिलेलं मांडा. फूटतूट धरून २४ पणत्या जास्त, ७२ रुपये. रिकामे खोके ८ रुपयांचे, ३२०. बाजारातून आणायची रिक्षा २००. बेरीज १,७१२. खोका पडला ४२ रुपये ८० पैशांना, म्हणजे चाळीसला विकून प्रत्येकी २ रुपये ८० पैसे घरचे गेले. त्यातून दहा खोके उरले तर विकलेल्या तीसांवर ५७ रुपये बसतात, आणि भाऊबीज उलटली की पणतीकडे कोण बघतंय?

म्हणून आधी पाचच खोके करून अनोळखी माणसांना विकून बघायचे. मावशी-काका कौतुकानं घेतात, ती मागणी नव्हे. रोकड एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि दोन्हींचा मेळ रोज संध्याकाळी.

अशा उपक्रमांच्या परीक्षकांनीही चकचकीत पोस्टरआधी ती वही मागावी.