मावशी कुठंही बसतील

"मावशी कुठंही बसतील ना?"

विमानातल्या ताईंनी हे आईला नाही, मला विचारलं. आई खिडकीत बसली होती, मांडीवरची पिशवी घट्ट धरून.

पुणे-नागपूर. तिचा विमानातला पहिलाच प्रवास. १२ ए ही सीट जास्तीचे पैसे भरून घेतली होती. फुटलेल्या कपाशीचं वावर वरून कसं दिसते, हे तिला पाहायचं होतं.

मी विचारलं, वजनाच्या समतोलाचं किंवा सुरक्षेचं कारण आहे का? असेल तर लगेच उठतो, तो अधिकार त्यांचा आहेच. उत्तर आलं, "नाही, सरांना खिडकी हवी आहे." मग मी बोर्डिंग पास दाखवून शांतपणे नाही म्हणालो.

तोवर आईच पट्टा सोडायला झटू लागली. कापूस वेचून चिरलेली बोटं, ते बक्कल काही सुटेना. "जाऊ दे ना बापू, बसाले भेटलं ना." तिला मागच्या रांगेत, वाटेकडेला बसवलं. सर नागपूरपर्यंत झोपले.

आज सकाळी बोर्डिंग पास, सीटची पावती आणि घडलेलं सगळं कंपनीला लिहून पाठवलं. दाद नाही लागली, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकणार.

पण मनातून जात नाही ते वेगळंच. नागपूरहून दारव्ह्याच्या एसटीत आईनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. एक पोरगा तिथं बसू लागला, तर ठणकावून म्हणाली, "तो रुमाल माया हाय, उठ!"

हा आवाज तिला विमानात का नसेल निघाला?