चंद्रावरही घराणीच का?

चंद्रावरच्या वसाहतीची कादंबरी लिहिलीत, मग तिथेही सत्ता चार घराण्यांच्याच हाती का दिलीत, हे तुम्ही इतक्यांदा विचारलेत की आता नीट उत्तर द्यायला हवे.

घराणी मी आणली नाहीत, बर्फाने आणली. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला आहे; त्यामुळे दक्षिण ध्रुवाजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही आणि बर्फ टिकून राहतो, तर शेजारच्याच काही कड्यांवर वर्षातला बहुतेक काळ ऊन असते. बर्फापासून पाणी, पाण्यापासून श्वासाचा ऑक्सिजन, आणि हे सारे चालवणारी वीज त्या कड्यांवर. अशा जागा मोजक्याच आहेत. 1967 च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. मात्र 2015 मध्ये अमेरिकेने, उपसलेल्या साधनसंपत्तीवर उपसणाऱ्या नागरिकाचा हक्क मानणारा कायदा केला. म्हणजे जमीन कोणाचीच नाही, पण पाणी कोणाचे तरी. तो हक्क माणूस आपल्या मुलांकडे सोपवणार नाही, असे मला कोणी पटवून द्यावे.

एवढे ठामपणे मी ठाण्यातल्या एका कार्यक्रमातही बोलले होते. तेव्हा उरणकडचे एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "ताई, चंद्र बरा निवडलात. तिथं कोणाच्या नावावर सातबारा नव्हता." नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले, हे मला माहीत होते, माझे नेरूळचे घर त्याच संपादित जमिनीवर उभे आहे. मी घाईने सांगू लागले की कादंबरीत खाणीत राबणाऱ्यांची तिसरी पिढी आहे, एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात वाढलेली त्यांची हाडे पृथ्वीचा भार पेलणार नाहीत आणि तरीही तिथले काहीच त्यांच्या नावावर नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग गोष्ट ते का नाही सांगत?" मी काही तरी बोलले, पण ते उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाने मला अनेक रात्री झोपू दिले नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, पाणी अडवून बसलेल्या माणसाला आपण वसाहतीची सेवाच करतो आहोत असे मनापासून वाटत असते, आणि हे त्याच्या घरात शिरल्याशिवाय दाखवता येत नाही. शिवाय वारसाहक्काची भांडणे आणि सोयरिकींचे डाव लिहिताना मला आनंद होत होता, हेही खरे आहे. तो आनंद मी लपवणार नाही.

दुसरा भाग खाणकामगारांच्या तोंडून लिहा, असे आता अनेक जण सुचवतात. कदाचित लिहीनही. पण त्याने त्या गृहस्थांच्या प्रश्नाची परतफेड होईल असे मला वाटत नाही, आणि पहिल्या भागातले घराण्यांचे एकही प्रकरण मी काढणार नाही.