रविवारच्या स्पोर्ट्‌स कारचे व्हील अलाइनमेंट: माझा अनुभव

मँचेस्टरजवळ राहायला आल्यावर मी पहिल्या पिढीतली, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळात निघालेल्या मालिकेतली, एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. १.६ लिटरचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, कापडी छत, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. आधीच्या मालकाने ती ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर, पळवण्यासाठी जुळवून घेतलेली होती. पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, तर बाहेरच्या कडांवरची नक्षी जवळजवळ शाबूत होती. मोटरवेवर अवजड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी शिरली की स्टिअरिंग हातात स्वस्थ राहत नसे.

पुण्यात आमच्या स्विफ्टचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करताना टायरवाल्याला फक्त पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर किती वळली आहेत तो कोन) जुळवावा लागे, कारण त्या गाडीत त्याखेरीज फारसे काही हलवता येतच नाही. एमएक्स-५ला मात्र चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे वर-खाली दोन हात, आहेत आणि प्रत्येक खालच्या विशबोनच्या मुळाशी विकेंद्री (फिरवले की विशबोन किंचित सरकवणाऱ्या) बोल्टांची जोडी आहे. हे बोल्ट फिरवून पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कल), तर मागे कॅम्बर आणि टो बदलता येतो. पुढचा टो टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर, जुळतो. एवढ्या सगळ्या गोष्टी हाती असल्यामुळे ‘अलाइनमेंट करून द्या’ एवढ्या सांगण्याला काही अर्थच उरत नाही. आपल्याला गाडी कशी वागायला हवी आहे, हे आपणच आधी ठरवावे लागते.

पहिल्या गॅरेजने पुढचा टो जुळवला, बाकीच्या आकड्यांना हातही लावला नाही आणि बहुतेक रकाने हिरवे असलेला कागद माझ्या हाती दिला. त्या हिरव्या रंगावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. कंपनीने दिलेली मर्यादा बरीच ऐसपैस असते, त्यामुळे डावे चाक तिच्या एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला असले, तरी पडद्यावर दोन्ही हिरवीच दिसतात.

म्हणून आकडे मीच कागदावर मांडले. माझी गाडी रविवारी मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणाऱ्या ए-५३७सारख्या रस्त्यांवर जाते. तिथे वळणे भरपूर, रस्ता बऱ्याचदा ओला आणि मधूनमधून उखडलेला असतो. ट्रॅकवर पुढच्या चाकांना थोडा टो-आउट (पुढची टोके बाहेर) दिला की गाडी वळणात चटकन तोंड वळवते, पण तोच टो-आउट ओबडधोबड रस्त्यावर तिला भिरभिरी बनवतो आणि जास्त ऋण कॅम्बरच्या (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) जोडीने टायरची आतली कड खातो. म्हणून मी पुढे उणे १ अंश आणि मागे उणे १.५ अंश कॅम्बर ठरवला. मागचा कॅम्बर मुद्दाम जास्त ठेवला, कारण ओल्या वळणात आधी पुढची चाके घसरू लागली तर पाय सैल करून सावरता येते. हलक्या, आखूड गाडीची शेपटी आधी सुटली तर तेवढा अवधी मिळत नाही. पुढे आणि मागे, दोन्हीकडे एकूण दहा मिनिटांचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) टो-इन, म्हणजे पुढची टोके आत, घेतला. कॅस्टर वाढवला की सरळ रेषेतले स्थैर्य वाढते, पण स्टिअरिंग जड होते, आणि पार्किंगमध्ये ते वळवणारे हात माझेच असल्याने मी साडेचार अंशांवर थांबलो. डावी आणि उजवी बाजू सारखी असावी, ही अट मात्र सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची म्हणून वर लिहिली.

दुसरे गॅरेज शोधताना मी फोनवर दोनच प्रश्न विचारत होतो: माझ्या आकड्यांवर काम कराल का, आणि बोल्ट जाम निघाले तर काय कराल? इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे बोल्ट आणि विशबोनच्या सांध्यातल्या रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी गंजून एकजीव होतात. अशा वेळी जोर लावला तर बोल्ट फिरत नाही, नुसते रबर पिळले जाते. ज्यांनी ‘बघू’ म्हटले, त्यांच्याकडे मी गेलो नाही. ज्या मेकॅनिकने आधी आठवडाभर बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारत राहायला सांगितले, त्याच्याकडे गेलो. तरीही मागचा एक बोल्ट सुटला नाही. तो कापून काढून नवा बोल्ट आणि बुश बसवावा लागला आणि बिल अलाइनमेंटच्या मूळ खर्चापेक्षा बरेच वर गेले. जुन्या एमएक्स-५चे अंदाजपत्रक करताना ही रक्कम आधीच धरावी.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखे होते. त्याने टायरांत २६ पीएसआय हवा भरली, टाकी अर्धी आहे ना ते पाहिले आणि मला चालकाच्या जागी बसवले, कारण एका टनापेक्षाही हलक्या गाडीत माणसाच्या वजनाने उंची आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. सुरुवात मागच्या चाकांपासून केली, कारण मागची चाके ज्या दिशेला रोखलेली असतात, त्या दिशेच्या आधारानेच पुढची जुळवायची असतात. नंतर पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि स्टिअरिंग सरळ बांधून सगळ्यात शेवटी टो. कॅस्टरसाठी बोल्ट हलवला की कॅम्बर सरके, म्हणून तो त्या दोघांकडे पुन्हा पुन्हा परत येत होता. पुढच्या उजव्या चाकाचा कॅस्टर साडेचारपर्यंत काही पोहोचेना, तेव्हा त्याने विचारले आणि आम्ही डावाही तेवढाच खाली आणला.

आता चाकोऱ्यांत गाडी सरळ राहते आणि नव्या टायरांची झीज दोन्ही कडांना सारखी दिसते. वळणात शिरताना ती पूर्वीइतकी उतावीळ नाही, हे खरे आहे, आणि ट्रॅकवर जाणाऱ्याला ती कदाचित मंद वाटेल. उरलेले जुने बुश बदलले की अलाइनमेंट पुन्हा करावेच लागेल; तेव्हा बाकी सगळे तसेच ठेवून पुढचा ऋण कॅम्बर पाव अंशाने वाढवून बघणार आहे.