अक्का, पास दे

गुरुवार, रात्र

आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आला. पिंप भरलं, वरची टाकी भरली, आईची मार्गशीर्षाची मांडणी झाली, समोरच्या काकू हळदीकुंकवाला येऊन गेल्या. हात रिकामा असा राहिलाच नाही, तरी कानातली हाक काही जाईना. "ए अक्का, पास दे की!"

ती हाक मला नव्हती.

काल रात्री पावणेबाराला बारक्याचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. आठ दिवसांनी. "अक्का, तुला एक मेसेज आला बघ. सहा आकडे असतील, वाच की लवकर." त्याच्या होस्टेलात शेजारच्या खोलीत कुणाकडे तरी पीएस5 आहे, टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन, त्याच्यावर आमचं गेमचं खातं उघडायचं होतं. आईची कंबर कशी आहे, अप्पांची गोळी मिळाली का, काही नाही. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर मी म्हाताऱ्या माणसांना हेच समजावते, मामा, फोनवर आलेला आकडा कुणाला सांगायचा नाही, पोटच्या पोरालाही नाही. आणि रात्री अंथरुणात बसून मी स्वतः एकेक आकडा वाचून दाखवला. चौथ्या आकड्याला त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं.

"ए अक्का, पास दे की! अक्का! अरे मोकळा आहे मी!"

मी म्हटलं, "काय रे?"

"तुला नाही गं. पुढचे दोन सांग."

सांगितले. फोन बंद झाला. मग मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

खातं माझ्या नावावर आहे. 2019 साली पीएस4 घेतला तेव्हा बारक्या 13 वर्षांचा, आणि स्वतःचं खातं काढायला 18 पूर्ण लागतात. नाव ठरवायला आम्ही दोघं अर्धा तास बसलो होतो. शेवटी अक्का, आणि पुढे 413, इथल्या, सोलापूरच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे. फुटबॉल खेळताना तेच नाव खेळाडूच्या डोक्यावर दिसतं. म्हणजे तिकडे पहिला कंट्रोलर ज्याच्या हातात, तो अक्का. काल ज्याला हाक मारली तो बारक्यासुद्धा नव्हता, तो तर माझ्याशी बोलत होता. कुणीतरी तिसराच मुलगा माझं नाव लावून पळत होता आणि चौथा त्याच्याकडे पास मागत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्यानं विचारलं नाही.

दिवाळीनंतर बारक्या हुतात्मा एक्स्प्रेसनं होस्टेलला गेला. पहाटेची गाडी, अंधारातच रिक्षा आली. एक बॅग त्यानं घेतली, एक मी. जिना उतरताना म्हटलं, "हिच्यात काय दगड भरलास?" म्हणाला, "पुस्तकं." मी स्वतः ती बॅग रिक्षात ठेवली, कपडे चुरगळू नयेत म्हणून आडवी ठेवली. घरी येऊन झाडायला घेतलं, तर टीव्हीखालच्या फळीवर धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. सगळीकडे करडी धूळ, आणि तेवढीच फळी नव्यासारखी, सनमायकाचा मूळ रंग दाखवणारी. वायरी नाहीत. कपाटातली मोराची चादरही नाही. तिच्यातच पीएस गुंडाळून नेला असणार.

तो चौकोन मी त्या दिवशी पुसला नाही. परवापर्यंत नव्हता पुसला.

जुनाच घेतला होता आम्ही, 18,000 ला. त्यातले 11,000 माझे. दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी, महिन्याला 500, तेही पालक पंधरा तारखेनंतर द्यायचे. पैशाचं मी काढत नाही. त्यानं मागितला असता तर मी नाही म्हटलं असतं का? नसतंच म्हटलं. मग न विचारता न्यायची काय गरज होती? की मी हो म्हणणार हे इतकं ठरलेलं आहे, की विचारायचंही कारण उरत नाही?

होस्टेलच्या नियमात बसतं का, हेही त्यानं बघितलं नसेल. मी बघितलं, त्यांच्या कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन. हीटर नको, इस्त्री नको, विजेची किटली नको. गेमचं नावच नाही. पण नियमात नाही म्हणून रेक्टर सोडतीलच असं थोडंच आहे. पहिले पंधरा दिवस त्यानं तो गादीच्या खोक्यात लपवला होता म्हणे. मग चौघांनी मिळून एक जुना मॉनिटर घेतला. त्याला स्पीकर नाही. आवाज ऐकायचा तर कंट्रोलरला इअरफोन लावायचा, म्हणजे एकालाच ऐकू येतं, बाकीचे नुसते बघत ओरडतात. वायफायला आधी नाव आणि पासवर्डचं पान उघडावं लागतं, ते मॉनिटरवर कधी उघडतं कधी नाही, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवतात. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आईकडून. आईला तो सांगतो.

आणि थोडं मला फोनवरच्या अ‍ॅपमधून कळतं. गेममधला एखादा टप्पा पार केला की ट्रॉफी मिळते, ती माझ्या खात्यात दिसते, तारीख आणि वेळेसकट. मंगळवारी रात्री 1 वाजून 12 मिनिटांनी एक ब्राँझ. त्याच रात्री 2 वाजून 40 ला अजून एक. बुधवारी त्याचं सबमिशन होतं. मी इथे कूस बदलत बघतेय, पोरगं जागं आहे, आणि काही बोलता येत नाही, कारण बोलले की म्हणणार, तू माझ्यावर नजर ठेवायलीस का. नजर मी ठेवत नाही. माझ्याच नावावर येतंय ते, मी काय करू?

ती यादी आज पुन्हा उघडून बघितली. जे गेम आम्ही कधी घेतलेच नाहीत, त्यांची नावं त्यात आहेत. कुणाकुणाच्या डिस्क असतील. गोळीबाराच्या एका गेममध्ये तर मी भलतीच तरबेज आहे. इथे मी आजवर एक गोळी झाडली नाही, मला ते बघवतही नाही. पण कागदोपत्री मी पहाटे तीन वाजता होस्टेलमध्ये बसून खेळते.

होस्टेलमध्ये.

माझाही नंबर लागला होता पुण्याला. एमएस्सीला. होस्टेलचा फॉर्म भरून पाठवला होता, दोन फोटो चिकटवून. मग अप्पांचं ते झालं. केगावचं विद्यापीठ काय वाईट नाही, मला तिथे फार चांगले सर मिळाले, सिटी बसनं जायचं आणि यायचं, संध्याकाळी घरात. जाऊ दे.

मुद्दा तो नाहीच. मुद्दा विचारण्याचा आहे.

एक कंट्रोलर मात्र तो ठेवून गेला. फळीच्या कोपऱ्यात, दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यामागे. डाव्या काडीचं रबर झिजून आतलं प्लास्टिक दिसतं तो. त्याला हात लावला नाही तरी खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. नवी पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं मला मागे तो उघडून दाखवला होता. काडीच्या खाली कार्बनचा बारीक पट्टा असतो, वर्षानुवर्षं घासून तो जातो, मग काडी मधोमध उभी असली तरी आतल्या सर्किटला वाटतं ती डावीकडेच ढकललेली आहे. बदलायचे पैसे ऐकून मी तसाच परत आणला. तेव्हापासून तो माझा. चांगला बारक्याला, कारण बारका. मी अंगठा कायम थोडासा उजवीकडे दाबून धरायचे, एवढासाच, की डावीकडची ओढ बरोबर फिटावी. सवय झाली की कळतही नाही. त्या कंट्रोलरनं मी त्याला फिफात, म्हणजे त्या फुटबॉलच्या गेममध्ये, कितीदा हरवलंय. 2023 पासून त्या गेमचं नाव बदललं, पण आमच्या घरात अजून फिफाच.

तर तो ठेवून गेला. पीएस नसताना नुसता कंट्रोलर ठेवून कुणी काय करायचं? दीड महिना मी यावर विचार करतेय. कधी वाटतं, खराब आहे म्हणून टाकून गेला. कधी वाटतं, अक्काचा म्हणून हात लावला नाही. दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि बघायला गेलं तर गोष्ट एकच, कंट्रोलर फळीवर पडलाय.

मघाशी जेवण झाल्यावर मीच फोन लावला. भांडायचं असं ठरवूनच. त्यानं उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "थांब, फोटो टाकतो."

फोटोत खोली. चार खाटा, दोऱ्यांवर वाळत घातलेले टॉवेल. खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर आपली मोराची चादर अंथरलेली, तिच्यावर सहा पोरं दाटीवाटीनं. पीएस एका स्टुलावर, भिंतीपासून चांगला वीतभर पुढे ओढून ठेवलेला. हे मी त्याला शिकवलंय. हवा बाजूनं आणि मागून जाते, उन्हाळ्यात आपल्याकडे 43-44 होतं, कापड घालून झाकू नको, भिंतीला टेकवू नको. त्याला लक्षात होतं. कुणाच्या पुढ्यात शेंगाचटणीचा डबा, आईनं दिलेला, तळाला आलेला. एकाच्या हातात कडक भाकरीचा तुकडा. पोरं कुठकुठली कोण जाणे, पण बसलीत अशी, जशी आम्ही उन्हाळ्यात मामाकडे बसायचो.

मामानं गड्ड्यावरून, म्हणजे इथल्या जत्रेतून, एक टीव्ही गेम आणला होता, कॅसेट घालायचा. काँट्रा नावाचा गेम होता त्यात. सुरू होताना वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए दाबलं की 30 जीव मिळायचे. मामानं मला सांगितलं, मी बारक्याला. तो इतका लहान होता की बटणं कळायची नाहीत, म्हणून मी त्याच्या तळहातावर बोटानं टकटक करून शिकवलं. काल मी ते सहा आकडे वाचले तेसुद्धा दोन-दोन करून, त्याच ठेक्यात. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

फोटो बघून माझं भांडण जरा मागे पडलं. तरी म्हटलंच, "मला विचारलं का नाहीस?"

तो गप्प. मागे पोरांचा गलका चालू. मग म्हणाला, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. आणि मग मला नेता आला नसता."

याचा अर्थ मला पूर्ण लागलेला नाही. मी उलट विचारणार होते, पण तोच पुढे म्हणाला, "पुढच्या महिन्यात गड्ड्याला यायलोय. आणू का घरी?"

"नको. चार दिवसांसाठी ओझं कशाला."

"बरं. आणि अक्का, तो कंट्रोलर तसाच आहे ना? इथं कुणाला जमणार नाही तो."

मी आहे म्हटलं. खराब म्हणून जमणार नाही, की माझा म्हणून? तोंडावर आलेलं होतं. या खेपेला मीच विचारलं नाही.

पासवर्ड बदलायचा असं सकाळी ठरवलं होतं. एका मिनिटाचं काम. बदलला की तिकडचं सगळं बाहेर पडेल, मग प्रत्येक वेळी मला फोन करावा लागेल. तो विचारही मनात येऊन गेला, खोटं का बोलू. नाही बदलला. त्या पोरांपैकी कुणीतरी आज रात्री पुन्हा अक्का होईल. होऊ दे. पास तेवढा वेळेवर देत जा म्हणावं.

शुक्रवार, सकाळ

काल लिहून झाल्यावर तो कंट्रोलर अप्पांच्या जुन्या मोबाइलच्या चार्जरला लावला. दीड महिना पडून होता, वाटलं गेला असेल. थोड्या वेळानं पुढची पट्टी नारंगी उजळली, मंद झाली, पुन्हा उजळली.

रात्री कधीतरी आई पाणी प्यायला उठली. पूर्वी पीएसचा नारंगी दिवा दिसला की ती बोर्डाचं बटणच बंद करून टाकायची, वीज जळते म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तो चालू केला की मशीन नीट बंद केलं नव्हतं असा मेसेज यायचा, बारक्या घर डोक्यावर घ्यायचा. काल ती बोर्डापाशी उभी राहिली. मला वाटलं आता बंद करणार.

"आलाय का तो?" म्हणाली. झोपेत होती अर्धी.

"नाही आई. नुसतं चार्जिंगला लावलंय."

"मग राहू दे," म्हणाली आणि आत गेली.

सकाळी दिवा विझलेला होता, म्हणजे पूर्ण चार्ज झालाय. आज पतसंस्थेतून येताना नवी पेठेत थांबून काडी बदलायचे किती घेतो ते विचारून येते. बदलेनच असं नाही.